गप्प होणारं घर

हर्षदीपने फाटकाची कडी काढायला हात पुढे केला आणि तो हात तसाच थांबला, कारण घरात गाणं चाललं होतं. त्याच्या घरात. आधी त्याला वाटलं, शेजारचं असेल. सोनाबाईंच्या घरी टीव्ही दिवसभर बोंबलत असतो. पण मध्येच खोकला ऐकू आला, तो खोकला त्याच्या आईचा, चंद्रभागाबाईंचा होता, आणि खोकल्यातून सावरून तिनेच पुढची ओळ उचलली, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही. तिच्याबरोबर दामिनी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बायकोचा आवाज त्याला ‘चाय ठेवू का’ आणि ‘गॅस संपला’ एवढ्यापुरताच माहीत होता, आणि इथे तो आवाज चांगला मोकळा, वर चढून आरामात खाली उतरत होता. मैत्री होती, त्याची इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेली पोरगी, ती मध्येमध्ये हसत होती आणि हसण्यामुळे तिच्या ओळी सुटत होत्या. खाली ठक् ठकठक् असा ठेका पडत होता. चिंच फोडत असणार. मार्च संपत आला की आदिलाबादेत घरोघरी वर्षाची चिंच येते, बायका ती दगडावर ठेवून लहान हातोडीने फोडतात, चिंचोके काढतात, मीठ लावून भरून ठेवतात. दरवर्षी त्याच्या घरीही हे होत असे, आणि दरवर्षी तो संध्याकाळी यायचा तेव्हा चिंच डब्यात गेलेली असे आणि जमीन पुसलेली असे. आज तो चार वाजताच आला होता. स्कूटर मेकॅनिककडे पडली होती म्हणून उन्हातून पायी आला होता, हातात ऑफिसच्या निरोप समारंभाचं खोकं होतं, समोसा, लाडू आणि चिप्सचं, आणि शर्ट पाठीला चिकटला होता. स्कूटरचा आवाज घराला ओळखीचा होता. पायांचा आवाज घराने कधी ऐकलेला नव्हता.

गाणं त्याला येत होतं. म्हणजे त्याने ते कधी म्हटलं नव्हतं, पण अंगात कुठेतरी होतं. त्याच्या बापाने, धोंडीबाने, बांधलेलं घरगुती गाणं होतं ते; स्टेजवर म्हणायचं नाही, चुलीजवळ म्हणायचं.

चुलीम्होरं भाकर फुगली वं बाई,
आज माह्या घराले उणं काई नाई.

पोराच्या हातात पाटी नवी वं बाई,
आज माह्या घराले उणं काई नाई.

ते पाटीवालं पोर म्हणजे तोच. हे आठवून त्याला फाटकाशीच एकदम बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं, आणि आता कडी काढावी, आत जावं, काहीतरी चांगलं बोलावं असं त्याने ठरवलंसुद्धा. तेवढ्यात मैत्रीचा आवाज आला, ‘आजी थांब थांब, माह्यं आयक,’ आणि तिने त्याच चालीत म्हटलं,

बापाच्या हातात लाल पेन वं बाई,
किती करा घराले उणं सरत नाई.

आत हशा पिकला. दामिनी हसली ते समजण्यासारखं होतं, बायका नवऱ्यांना हसतातच. पण आईसुद्धा हसली. हसता हसता ‘असं नोको म्हणू वं, बाप हाये तुहा’ असं म्हणाली आणि पुन्हा हसली, आणि ते हसणं पोटातून आलेलं, दात नसलेलं, बेफिकीर हसणं होतं. आई असं हसते हे त्याला माहीतच नव्हतं. तो कडीवर हात ठेवून उभाच राहिला. आत जावं तर चोरून ऐकल्यासारखं, न जावं तर स्वतःच्या दारात उन्हात किती वेळ उभं राहायचं? हा तिढा सोनाबाईंनी सोडवला. त्या दळणाचा डबा घेऊन समोरून आल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘हर्षदीप भाऊ, काऊन बाहीर उभे? चाबी इसरले काय?’

आत सगळं थांबलं. गाणं थांबलं, हातोडी थांबली, हसणं थांबलं. कुणी बटण दाबून टीव्ही बंद करावा असं घर गप्प झालं, आणि त्या गप्पपणात त्याला आपल्या चपलांचा आवाज ओसरीपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

मधल्या खोलीत तिघी जणी आपापल्या जागी होत्या आणि तिघींचे चेहरे कामाचे होते. मैत्रीच्या मांडीवर अचानक पुस्तक आलं होतं. दामिनी उठून पाणी आणायला गेली. आई म्हणाली, ‘आला का रे? येवढ्या लवकर काऊन? बरं नाही वाटून राह्यलं का?’ तो म्हणाला, ‘सुधाकररावांचा निरोप समारंभ होता. लवकर सुटलं.’ मग ‘गाणं कशाला थांबवलं’ असं म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण त्याची नजर जमिनीवर गेली, जमिनीवर पेपर पसरले होते, पेपरावर फोडलेली चिंच होती, आणि तोंडातून निघालं, ‘चिंच पेपरवर ठेवू नये. शाई लागते तिला.’ तिघींनी माना डोलावल्या. दामिनीने पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच स्वयंपाकघरातून सुती लुगड्याचा धडपा आणून चिंच त्याच्यावर घेतली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. वैताग हाच होता, की त्याचं म्हणणं नेहमी बरोबर असायचं.

समोशाचं खोकं तसंच टेबलावर राहिलं. तो आंघोळीला गेला, डोक्यावर तांबे ओतत राहिला, आणि दुपारचा समारंभ पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिला. सुधाकरराव त्याच्याच सेक्शनमध्ये, बेला गावाकडचे, घरी कापूस आणि ज्वारी, आणि हाताखालून गेलेली एकही मिसल, म्हणजे फाइल, चुकीशिवाय न गेलेली. त्यांच्या मिसली दुरुस्त करता करता हर्षदीपची अर्धी नोकरी गेली होती. ऑफिसात म्हणत, हर्षदीप सार के टेबल से गलत कागज नहीं निकलता, आणि त्याला त्याचा अभिमान होता, का नसावा? तर हे सुधाकरराव शाल खांद्यावर घेऊन माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मी सर्विसमदी काय केलं ते मले काई आठवत नाही. पण संध्याकाळी घरी गेलो का बायको, जयवंता, दारात उभी राह्यते, रेडिओ लावते, आमी दोघं अंगणात चाय पेतो, नातू मांडीवर येऊन बसते. येवढ्यासाठी मले आभार मानायचे हायेत. कोनाचे मानू ते समजून नाही राह्यलं, म्हनून तुमचेच मानतो.’ आणि रडले. सगळं ऑफिस रडलं. तेलुगू लोकांना अर्धं समजलं नव्हतं, तेही रडले. हर्षदीपला भयंकर राग आला. चहा, रेडिओ, अंगण! हे सगळं मलाही आहे की. बायको आहे, आई आहे, हुशार पोरगी आहे, कर्ज फिटलेलं घर आहे, मग मला ते का होत नाही? सुधाकररावांनी असं काय केलं होतं, की हे त्यांच्या मांडीवर येऊन बसावं? आणि तेवढ्यात सुपरिंटेंडेंटने माइक त्याच्याकडे दिला, ‘सार, मीरु रेंडु माटलु चेप्पंडी,’ दोन शब्द बोला. तो बोलला. व्यवस्थित बोलला. आणि मागच्या बॅनरवर सुधाकररावांच्या रुजू होण्याचं साल चुकलेलं त्याला दिसलं, तेही त्याने बोलता बोलता दुरुस्त करून टाकलं. लोक हसले. सुधाकररावांनी डोळे पुसत त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ‘तुमी होते म्हणून माही नोकरी निभली साहेब.’ आणि त्याला त्या क्षणी रडू आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्याला फक्त बॅनर कुणी छापलं असेल हाच प्रश्न पडला होता.

संध्याकाळी कूलरसमोर बसून तो बापाची आठवण काढत राहिला, म्हणजे आठवणच त्याला सोडेना. धोंडीबा दिवसा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायचा, आणि एप्रिल लागला की जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर ढोलकी घेऊन गावोगाव. इंद्रवेल्ली, उटनूर, तिकडे किनवट, पांढरकवडा. दोन पार्ट्यांचा सामना रात्रभर चाले, सवाल-जवाब होत, आणि धोंडीबाची ढोलकी ऐकायला बैलगाड्या करून लोक येत, असं सगळे सांगत. हर्षदीपने ती कधी धड ऐकली नाही. त्याला बाप आठवायचा तो पहाटे येऊन दुपारपर्यंत गोधडीत पडलेला, आणि आई तोंडावर बोट ठेवून फिरणारी, पोरांनी टाचा उचलून चालायचं, भांडं वाजवायचं नाही. आणि जागा झाला की बापाची बोटं ताटावर, डब्यावर, पाटीवर, कुठेही वाजायची. घरात तेल शेजारून वाटीने मागून यायचं, भाकरी मोजून असायची, आणि हा माणूस चुलीजवळ बसून बायकोकडून म्हणवून घ्यायचा, आज माह्या घराले उणं काई नाई. पोराला संताप यायचा. खोटं आहे हे! उणं नाही कसं? मीठ उणं आहे, कंदिलाची काच उणी आहे, माझ्या शर्टाला गुंडी उणी आहे. त्याने कानात कापूस घालून अभ्यास केला, कापसाला काही त्या घरात तोटा नव्हता, आणि मनाशी पक्कं केलं, की गाण्यात नाही, खरोखर एके दिवशी उणं काही राहणार नाही. आणि ते त्याने करून दाखवलं, यात कुणी काय बोलणार? भिंती झाल्या, फरशी झाली, फ्रिज झाला, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. फक्त उणं शोधायची जी सवय लागली ती काम संपल्यावर घरी गेली नाही. ती राहिली. भाजीत मीठ, बाथरूमचा दिवा, उंबऱ्यावरच्या उलट्या चपला, मैत्रीच्या वहीतलं ऱ्हस्व-दीर्घ. मैत्री लहान असताना शाळेच्या गॅदरिंगचं गाणं म्हणून दाखवत होती आणि त्याने मध्येच म्हटलं होतं, ‘तो शब्द असा नाही बेटा.’ पुढचं कडवं तिने म्हटलं नाही. तेव्हा त्याला वाटलं, पाठ नसेल.

बाप गेला तेव्हा ढोलकी त्यानेच बुद्धविहाराला देऊन टाकली. घरात नुसती धूळ खात होती. आई काही बोलली नाही. आई तशी कधी फार बोलतच नाही, असं तो लोकांना कौतुकाने सांगत असे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचं लक्ष लागलं नाही. टेबलावर लाल पेन होतं, ते त्याने खणात टाकलं, मग काम अडलं म्हणून पुन्हा काढलं. पोरीने केलेली ओळ चालीत अगदी चपखल बसली होती, आणि हेच त्याला जास्त बोचत होतं. वाईट असती तर सोडून देता आली असती. दुपारी डबा खाताना त्याने ठरवलं, आज घरी सरळ सांगायचं. त्यात काय एवढं? माणसं आपलीच आहेत. येताना त्याने कलिंगड घेतलं, चांगलं वाजवून, आणि जेवण झाल्यावर सगळे कलिंगडाच्या फोडी खात बसले असताना म्हणाला, ‘माय, ते गाणं म्हण न.’

‘कोन्तं?’ आईने विचारलं.

‘ते कालचं. बाबाचं.’

कलिंगड खाणं थांबलं. दामिनीने मैत्रीकडे पाहिलं. मैत्रीने ताटलीकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘ते उगाच आपलं, काम करता करता. त्याच्यात काय आयकाचं?’ तो म्हणाला, ‘म्हण ना, मला ऐकायचंय. मैत्री, तूही म्हण. तुम्ही तिघी म्हणा.’ त्याला वाटलं आपण अगदी मऊ आवाजात बोललो, पण दामिनी हात पुसून ताठ बसली, मैत्रीने ओढणी सारखी केली, आणि शाळेत प्रार्थना म्हणतात तसं तिघींनी पहिलं कडवं म्हटलं. भाकर फुगली आणि संपलं. पाटीचं कडवं कुणी घेतलंच नाही. गाणं तेच होतं, शब्द तेच, आणि कालचं त्यातलं काहीही नव्हतं. हर्षदीप हसला, मान डोलावली, ‘छान,’ म्हणाला. इथे थांबला असता तर वेगळं झालं असतं. पण कान तयार होते, कानांना खटकलं ते खटकलं, आणि त्याने अतिशय प्रेमाने पुढे म्हटलं, ‘फक्त दुसऱ्या ओळीत मैत्री जरा खाली गेली.’

‘हो पप्पा,’ मैत्री म्हणाली.

तिने ताटल्या गोळा केल्या आणि आत गेली. आपल्या तोंडाला कुलूप का लागत नाही? या विचाराने त्याला इतका वैताग आला की त्याने कूलरचं बटण उगाचच बंद करून पुन्हा लावलं. दामिनीने विचारलं, ‘तब्येत बरी हाये न तुमची? कालपासून कसे करून राह्यले.’ तिला सगळं सांगावं असं त्याला वाटलं. मी फाटकाशी उभा होतो, मी ऐकलं, तुम्ही हसलात ते मला आवडलं आणि फार लागलं, मला तिथे बसायचं होतं. त्याने म्हटलं, ‘ऊन लागलं असेल.’ तिने ताक आणून दिलं. ताकात मीठ कमी होतं आणि तो ते बोलला नाही, पण न बोलण्याचे इतके कष्ट पडले की त्याचा आनंदही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता; दुपारी जेवून तो समोरच्या खोलीत लाकडी पलंगावर आडवा झाला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलरचं पाणी ठिबकत होतं, आणि वाळ्याचा वास येत होता. रविवारी तो दोन तास झोपतो, हे घराला माहीत होतं. आज झोप येत नव्हती. डोळे मिटून पडला असताना मधल्या खोलीत धडपा पसरल्याचा आवाज आला, पाटा सरकवल्याचा आला, मग मैत्री कुजबुजली, ‘झोपले का पप्पा?’ आणि दामिनी तितक्याच हळू म्हणाली, ‘थांब. घोरू दे.’

तो पडल्या पडल्या थिजला. म्हणजे ही पद्धत होती. घोरण्याची वाट पाहिली जाते. त्याच्या घोरण्यावर हे घर उघडतं आणि त्याच्या जागं होण्यावर मिटतं, दर रविवारी, किती वर्षं कोण जाणे, आणि तो बिचारा झोपेत. एक क्षण त्याला असं वाटलं, की उठावं आणि चांगलं ओरडावं, मी काय वाघ आहे का? पण ओरडून काय सिद्ध झालं असतं? मग जे त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. तो खोटं घोरला. पहिलं घोरणं फार मोठं झालं. हे आपलं घोरणं असंच असतं का, याची त्याला खात्री नव्हती, विचारावं तरी कुणाला? दुसरं जरा लहान घेतलं. तिसऱ्याला लय सापडली. आणि मधल्या खोलीत चिंचेवर हातोडी पडली, ठक् ठकठक्, आणि आईने गाणं उचललं.

भाकर फुगली. दामिनीने तिचं एक कडवं घातलं, अंबाडीच्या भाजीचं, ते त्याला नवीन होतं, आणि चांगलं होतं. मैत्री आज हसत नव्हती, पण तिचा आवाज कालच्यासारखा बांधलेला नव्हता, आणि दुसऱ्या ओळीत ती पुन्हा खाली गेली आणि तिथेच तर मजा होती, तिथून ती आजीच्या आवाजाला जाऊन मिळत होती. त्याला कळलं, आणि स्वतःच्या कानांची लाज वाटली. हे सगळं रोज इथेच होतं. मी दिवे बंद करत फिरलो आणि हे इथे होतं. तो घोरत राहिला, कारण घोरणं थांबलं तर हेही थांबणार, आणि घोरण्याच्या आवाजात काही शब्द बुडत होते, म्हणून तो दोन ओळींच्या मधल्या जागेत घोरू लागला. पाटीचं कडवं आलं. ते आईने एकटीने म्हटलं. मग ती थांबली नाही. पुढे आणखी एक कडवं होतं.

कंदिलाम्होरं लेकरू वाचे वं बाई,
ढोलकीले आज हात लावाचा नाई.

‘हे तं कधी म्हटलं नव्हतं आजी,’ मैत्री म्हणाली.

‘हे तुहा आजा ओठातल्या ओठात म्हणे,’ आई म्हणाली. चिंच फोडता फोडता, सहज. ‘हर्ष्या वाचाले बसला का ढोलकीले हातच नाही लावे. बोटं मुठीत धरून बसे. पार्टीवाले घरी तालमीले आले तरी त्याईले गोठ्याकडं ने. म्हणे, आवाज नोको करू, पोरगं वाचून राह्यलं. मले तेच वळन लागलं मंग. हा घरात आला का तोंड आपसुक बंद होते. अजूनबी वाटते, वाचून राह्यला असंल.’

दामिनी म्हणाली, ‘अन् मले वाटे का रागावतेत म्हणून.’

‘रागावते बी,’ आई म्हणाली. ‘पण पह्यलं ते नाही.’

हर्षदीपचं घोरणं कधीच थांबलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं, आणि ते पुसायला हात उचलता येत नव्हता. कानातला कापूस त्याने स्वतः घातला होता. बाहेर तोवर शांतताच होती. एक माणूस बोटं मुठीत धरून बसला होता आणि पोरगा त्याच्यावर चिडून कापूस कोंबत होता. कुणाचे आभार मानू ते समजत नाही, असं सुधाकरराव म्हणाले होते. त्याला ते समजत होतं, आणि मानायला तो माणूस नव्हता, आणि जी माणसं होती ती भिंतीपलीकडे होती आणि त्यांच्याशी काय बोलावं हे त्याला येत नव्हतं. बोलायला गेलं की दुरुस्ती निघते. हे किती छळणारं होतं! आतमध्ये एवढं सगळं दाटून यावं आणि बाहेर यायचं दार तेवढं एकच असावं, मिठाचं आणि शाईचं.

आत गाणं पुन्हा सुरू झालं, भाकरीपासून. आणि त्याच्या नकळत त्याची बोटं पलंगाच्या लाकडावर पडली. एकदा पडली, मग पुन्हा. ठक् ठकठक्. लाकूड सागाचं होतं, बोललं.

गाणं थांबलं. परवासारखंच, एकदम. हातोडीही थांबली. कूलरचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. आता हात मागे घ्यावा, कूस बदलावी, झोपेत हात हलला असं दाखवावं, म्हणजे सगळं होतं तसं राहील, पुढच्या रविवारीही त्या गातील. किंवा डोळे उघडावेत. पण डोळे उघडले की तोंड उघडणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने दोन्हीही केलं नाही. तो डोळे मिटून ठेका धरत राहिला, गप्प झालेल्या घरात एकटाच, आणि एकट्याने धरल्यामुळे ठेका हलायला लागला, बोटं एकमेकांत अडकायला लागली, आणि तरी त्याने थांबवलं नाही, कारण थांबवल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणा ना काहीतरी, असं तो मनात ओरडत होता, बोटांनी ओरडत होता.

‘चुकून राह्यलं रे,’ आई म्हणाली.

त्याची बोटं थांबली. ‘काय चुकलं?’ त्याने डोळे न उघडताच विचारलं.

‘तिसरी थाप उशिरा पडून राह्यली.’

त्याला राग आला. खराखुरा, लहानपणचा राग. या घरात त्याची चूक कुणी काढल्याला किती वर्षं झाली असतील? तो उठून बसला, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘उशिरा नाही, बरोबर पडली.’

‘नाही पडली पप्पा,’ मैत्री दारात येऊन म्हणाली. तिच्या हाताला चिंच लागली होती आणि ती त्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघत होती, तरी तिने आपलं म्हणणं बदललं नाही. ‘उशिराच पडली.’

तो मधल्या खोलीत गेला. दामिनीने चिंचेचा ढीग एका बाजूला ओढून धडप्यावर जागा केली. तो मांडी घालून बसला, लांबच्या पाहुण्यासारखा, गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. आईने चिंचोक्यांचा पत्र्याचा डबा उपडा करून त्याच्यासमोर ठेवला आणि गाणं धरलं. त्याने वाजवलं. तिसरी थाप पुन्हा उशिरा पडली, आणि या वेळी ती त्यालाही ऐकू आली.

‘पुन्ना,’ आई म्हणाली.